मालीवान आणि चौदा माद्या

मालीवानला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायचीसुद्धा उभ्यानेच. एका हातात चिकट भाताचा गोळा, दुसऱ्या हातात ठेच्याची वाटी आणि डोळे खिडकीतून परसात. बँकॉकच्या बाहेर कपड्यांच्या एका कारखान्यात ती बावीस वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. तिथं कुणी टेकलं की मुकादमीण सगळ्यांदेखत नाव घेऊन ओरडायची. कारखाना सुटला, पण पायांना ते कुणी सांगितलं नाही. फूफानच्या डोंगराखालच्या आपल्या गावी येऊन तिला दीड वर्ष होत आलं, तरी तिची आई सीदा दिवसातून दहादा म्हणायची, "वान, बस की गं जरा. तुझ्याकडे बघून बघून माझी मान अवघडली."

"बसते, बसते," म्हणत मालीवान परसात पळायची.

परसात तिचं हरितगृह होतं. हरितगृह आपलं म्हणायला. बांबूच्या कमानी, वर प्लास्टिकचा कागद, कडेने मच्छरदाणीचं कापड आणि दोन जुने पंखे. आत गांजाची चौदा झाडं होती, चौदाही माद्या. या डोंगराकडच्या लोकांना गांजाचं काही अप्रूप नाही. कोंबडीच्या रश्श्यात पाला टाकल्याशिवाय इथल्या म्हाताऱ्यांना घास उतरत नाही. मध्यंतरी सरकारने गांजा मोकळा केला तेव्हा निम्म्या गावाने परसात लावला, आणि पुढे सरकारने तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला तेव्हा निम्म्या गावाने उपटला. मालीवानने मात्र उपटला नाही. तिने परवाना काढला, मोबाईलवर तासन्‌तास व्हिडिओ बघून शिकून घेतलं आणि शहरातल्या वनौषधीच्या एका दवाखान्याशी बोलणी केली. दवाखान्याची अट एकच होती: फूल बिनबियांचं हवं. गुरुवारी त्यांचा माणूस बघायला येणार होता. पसंत पडलं तर पुढची तीन पिकं तेच उचलणार होते.

पसंत पडलं नाही तर कारखाना होताच; मुकादमीण महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवणार होती. मग आईला उदोन शहरात तिच्या भाच्याकडे ठेवायचं आणि पुन्हा टेबलापाशी उभं राहायचं. भाचा वाईट नव्हता, पण त्याच्या घराला तीन जिने होते आणि सीदाचा डावा हात नि डावा पाय अर्धांगाच्या झटक्यानंतर जेमतेम चालत होता. म्हणजे म्हातारी वरच्या खोलीत बसून राहणार. मालीवानला हे चित्र डोळ्यांपुढून हलवता येत नव्हतं. म्हणून ती झाडं हलवायची. ही इकडे, ती तिकडे, पंखा वर, पंखा खाली. हवेतला ओलावा मोजायचं एक यंत्र तिने दोरीला टांगलं होतं. त्याच्याकडे ती इतक्या वेळा बघायची की यंत्रालाच घाम फुटावा.

गांजात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. नराचा पिवळा पराग उडाला की मादीत बी धरतं, आणि बी धरलं की औषधाच्या दृष्टीने फूल वाया गेलं. म्हणून मालीवान रोपांवर डोळ्यांत तेल घालून बसायची, म्हणजे उभी राहायची, आणि नर ओळखू आला की मुळासकट उपटून खतावर फेकायची. असे पाच फेकले. सीदाला ते अजिबात पटलं नाही. बांबूच्या कठड्याला धरून ती खतापर्यंत आली आणि म्हणाली, "धडधाकट झाडं आहेत गं ही. पुरुषाच्या जातीला जीव नसतो का?"

"आई, तो नुसता राहिला तरी सगळं नासेल."

"नवरा घरात असला की नासतं, हे मला नको सांगूस. तुझ्या बापाबरोबर मी वीस वर्षं काढली."

मालीवान हसली आणि आत गेली. मागे वळून बघायला हवं होतं, पण तेवढी सवड तिला कधी होती?

सोमवारी सकाळी तिने तिसऱ्या झाडाचं फूल बोटांत धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. फुलातले पांढरेशुभ्र केस तपकिरी पडून आत वळले होते. इतक्यात वळायला नको होते. तिने एक कळी नखाने चिरली. आतून हिरवं, कोवळं बी निघालं. दुसरं झाड बघितलं, पाचवं बघितलं, धावत जाऊन चौदावं बघितलं. सगळीकडे तेच. कपाळाला हात लावायलाही ती थांबली नाही. तडक कुंपणाशी गेली आणि ओरडली, "खामसिंगकाका! बाहेर या!"

खामसिंग शेजारी. सत्तरीचा, विधुर, एका म्हशीचा धनी. कुंपणाला लागून त्याचंही गांजाचं एक झाड होतं, फक्त रश्श्यापुरतं. सीदाला रोज सकाळी भोपळ्याची फुलं आणून देणारा आणि कोंबड्यांचं दार दुरुस्त करून देणारा माणूस तो.

"काय गं, साप निघाला का?"

"तुमचं झाड नर आहे. माझ्या चौदा झाडांत बी धरलंय. चार महिने गेले माझे! गुरुवारी माणूस येणार आहे, काय दाखवू त्याला?"

"माझं झाड?" खामसिंगने झाडाकडे असं पाहिलं की जणू आज पहिल्यांदाच भेटतोय. "अगं, ते बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"तुम्हाला काय, तुमचा रस्सा झाला की झालं. इथं माझी आई भाच्याच्या माडीवर जाऊन पडेल!"

हे बोलायला नको होतं, असं तिला बोलता बोलताच वाटलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो वाकला, दोन्ही हातांनी झाड धरलं, तीन हिसक्यांत उपटलं आणि कुंपणावरून तिच्या पायांशी टाकलं. "घे. संपलं ना आता?" तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दिवसाउजेडी खामसिंगचं दार लागलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

मालीवानने झाड उचलून बघितलं. टोकाला पांढरे केस होते. मादीच होती ती. आणि तिच्याही फुलांत बी भरत आलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिने. कानांपर्यंत तापलेली ती हरितगृहात परतली, कारण दुसरीकडे कुठं जाणार? पराग आला कुठून? पंख्यातून? मच्छरदाणीतून? तिच्याच कपड्यांना चिकटून? तिने कोपरा न् कोपरा धुंडाळला. कापडाला भोक आहे का ते बघायला गुडघ्यांवर आली, तेव्हा पहिल्या झाडाच्या बुंध्याशी, मातीच्या वर चार बोटांवर, तिला पांढरा दोरा दिसला.

तसाच दुसऱ्या झाडाला. तिसऱ्यालाही. चौदाही झाडांना पांढरे दोरे, लग्नात नवरानवरीच्या मनगटाला बांधतात तसे. मालीवानने आपल्या मनगटाकडे पाहिलं. ती कायमची घरी आली त्या दिवशी गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून आईने तिच्याही मनगटाला असाच दोरा बांधला होता, भटकलेला जीव जागेवर यावा म्हणून. आईला एकच हात चालायचा, म्हणून गाठ तिने दातांत धरून मारली होती. ती लांबुडकी, सैल, एका हाताची गाठ मालीवानच्या मनगटावर अजून होती. झाडांवरच्या गाठी अगदी तशाच होत्या.

मालीवान थेट कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेली. तिकडे ती फिरकायची नाही, कोंबड्या आईच्या. तिथं, शेणखताच्या ढिगात, खतावर फेकलेल्या पाचांपैकी एक नर उभा होता. तिच्या खांद्याएवढा, टवटवीत, पिवळ्या घोसांनी लगडलेला. त्याच्याही बुंध्याला दोरा होता, आणि पुढ्यात केळीच्या पानावर चिकट भाताचा एक लहानसा गोळा.

सीदा स्वयंपाकघरातल्या बसक्या ओट्यावर बसून भोपळा चिरत होती.

"आई, तू काय केलंस?"

सीदाने सुरी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "दिसलं तुला? धरलं ना फळ?"

"तू केलंस?"

"तू शनिवारी बाजाराला गेलीस ना, त्या दोन शनिवारी. अगं, भोपळ्याला करतो तसंच. नराचा घोस मोडायचा आणि मादीवर हलक्या हाताने फिरवायचा. आधी दोरे बांधले, रीतीने. तसंच कसं लावणार? खाली बसायला पाऊण तास लागला आणि उठायला त्याहून जास्त. चौदा लग्नं लावली मी एका हाताने!"

"पण मी सांगितलं होतं ना, की नको म्हणून?"

"तू काय काय सांगतेस, मला अर्धं कळत नाही." सीदाचा आवाज खाली आला. "मला एवढंच दिसत होतं, तू रोज जाऊन फुलं बघतेस आणि तोंड पाडून येतेस. मला वाटलं, झाडं वांझ राहिली. पीक आलं नाही तर तू परत कारखान्यात जाशील. बावीस वर्षं मी या ओट्यावर एकटीने जेवले, वान. म्हटलं, माझ्याच्याने होईल तेवढं करावं."

मालीवानला ओरडायचं होतं. पण तिने मोबाईल काढून दवाखान्याच्या माणसाला फोन लावला आणि आहे ते सांगून टाकलं.

"बी धरलंय?" तो म्हणाला. "मग ताई, मी उगाच पेट्रोल जाळून येत नाही. पुढच्या हंगामात बघू. जमलं तर."

कुंपणापलीकडचं दार कुरकुरलं. खामसिंगने सगळं ऐकलं होतं. या गावात भिंती नावापुरत्याच. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तो ओरडला आणि आपल्याच म्हणीवर खोकेपर्यंत हसला. मालीवान कुंपणाशी गेली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि खाली मान घालून उभी राहिली. ते बघून मात्र त्याचं हसू ओसरलं.

"राहू दे गं. बी पिकलं की ओंजळभर मला दे. माझं झाड उपटायला लावलंस ना? आणि सीदाबाई, लग्नाला शेजाऱ्याला बोलवायची रीत आहे म्हटलं!"

"बोलावलं असतं तर तू आहेर काय आणणार होतास? म्हैस?" सीदाने ओट्यावरूनच ठणकावलं.

मालीवान परत आली. हातात मोबाईल होता आणि त्यात मुकादमीणबाईंचा नंबर. महिना संपायला नऊ दिवस होते. सीदा पुन्हा भोपळा चिरू लागली होती. डाव्या कोपराने दाबून धरायचा आणि उजव्या हाताने कापायचा. फोड निसटायची, ती पुन्हा धरायची. वर न बघताच तिने विचारलं, "आता तुला जायला नको ना? फळ धरलंय की."

मालीवानने आईच्या सुरकुतलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोन्ही गुडघ्यांवर मातीत खरचटल्याच्या खपल्या होत्या. आठवडाभरात तिने त्या कितीदा तरी पाहिल्या असतील आणि उभ्या उभ्याच पुढे गेली असेल. पुढचे चार महिने कशावर काढायचे, हे तिला माहीत नव्हतं. बियांना कुणी विचारील का, तेही माहीत नव्हतं. तिला भीती वाटत होती.

"नाही आई," ती म्हणाली. "नाही जात."

"मग अशी का उभी? बस की."

मालीवानने मोबाईल कपाटावर पालथा ठेवला, आईच्या शेजारी ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांनी भोपळा धरला.