जुनी कोरी तिकिटे

ती घटना आजही आठवली की तोंड कडू होते. माझ्या हातून खुनाचे तपास झाले, दरोड्याचे झाले, पण इतका संताप मला कुठल्याच आरोपीचा आला नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावला फौजदार होतो. सरकारी दवाखान्यातली एक नर्स अर्ज घेऊन आली. तिशीला टेकलेली, बोलणे नेमके. साक्रीचे एक आणि धुळ्याचे एक, अशी दोन ठरत आलेली लग्ने मोडली होती. दोन्हीकडे निनावी पत्र गेले होते. मुलीला फिट येतात, घरच्यांनी लपवले आहे.

"साहेब, मला साधा तापही येत नाही," ती म्हणाली. "आता धुळ्याच्याच दुसऱ्या एका घरी, मास्तरांकडे, बोलणं चाललंय. हेही मोडलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही." मास्तर भला माणूस. त्यांच्याकडेही पत्र आले होते, ते त्यांनी पाकिटासह तिच्याच हाती दिले होते.

मामला अदखलपात्र. एन.सी. नोंदवायची आणि कोर्टाचा रस्ता दाखवायचा, एवढेच आमचे काम. तरी मी अर्ज चौकशीसाठी ठेवून घेतला.

पाकिटावर शिक्का धुळ्याचा, अक्षर मुद्दाम वेडेवाकडे काढलेले. मला खटकली ती तिकिटे. पाच-पाच, दहा-दहा पैशांची, फार जुनी, दाटीवाटीने चिकटवलेली. पोस्टमास्तरांना दाखवले. ते म्हणाले, "वापरलेलं नसेल तर जुनं तिकीटही चालतं. पण हल्ली लावतं कोण? आणि हे बघा." प्रत्येक तिकिटाला बारीक भोकांनी दोन इंग्रजी अक्षरे टोचली होती. नोकरांनी तिकिटे लांबवू नयेत म्हणून काही पेढ्या तशी टोचून घेत.

विचारत विचारत एका मारवाडी शेठजींपर्यंत पोचलो. कापसाची पेढी बंद करून ते घरी बसले होते. तिकीट पाहून हसले. "हमारीच आहेत साहेब. पेढी मोडली तेव्हा उरलेली नोकरांना वाटून टाकली. कोणाला किती, आता काय सांगू?"

घरचे कोणाशी वैर आहे का, हे विचारायला मी मुलीच्या वडिलांना, आबांना, नशिराबादहून बोलावून घेतले. विधुर माणूस. घर मुलीच्या पगारावर चाले. धुतलेले धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. त्यांनी अर्ध्या भावकीवर संशय घेतला आणि मी जबाब लिहीत राहिलो. मध्येच मला घरचे एक पत्र टाकायचे आठवले. शिपायाला रुपया देऊन तिकीट आणायला सांगितले.

"विकत कशाला आणता, साहेब?" आबा म्हणाले. "माझ्याकडे जुनी कोरी पडलीत. चालतात. फुकट का घालवायची?" आणि पिशवीतून पुडी काढून माझ्यासमोर ठेवली.

मी एक तिकीट खिडकीच्या उजेडात धरले. भोके दिसली. धुळ्याचे पाकीट ड्रॉवरमधून काढून शेजारी ठेवले. आधी ते म्हणाले, धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. मग म्हणाले, तिकिटे कोणी चोरली असतील. मग शुद्ध बोलणे गळून पडले आणि घरची अहिराणी बाहेर आली.

"ती गयी ते माले कोन देखी, साहेब?"

"म्हणून पोटच्या पोरीला फिट लावल्या?"

"नुसतं लिखेल शे. तिले थोडीच फिट येस?"

त्यांना खरोखरच त्यात काही वावगे वाटत नव्हते. माझा हात शिवशिवला, पण त्यांचे वय आडवे आले.

मुलीला बोलावून सगळे सांगितले. कोर्टात जायचे असेल तर जबाब मीच तयार करून देतो, म्हणालो. तिने टेबलावरची पुडी नीट बांधून ठेवली. रडली नाही. म्हणाली, "अर्ज मागे घेते, साहेब. आबांना आत टाकलं तर डबा घेऊन मलाच यावं लागेल."

मास्तरांना मी स्वतः जाऊन खरे सांगितले. ते तयार होते. पण त्यांचे वडील म्हणाले, ज्या घरात बाप असा, तिथली मुलगी आम्हाला नको. बापाला हवे होते ते झाले, तेही माझ्या तोंडून.

पुढे निनावी पत्राचा अर्ज आला की दुश्मन कोण, हे मी विचारत नसे. हे लग्न झाले तर घरात कोणाची अडचण होईल, तेवढे विचारी. बहुतेकदा माणूस सापडे. निवृत्तीनंतर एकदा रक्तदाब दाखवायला त्याच दवाखान्यात गेलो. तिने मला ओळखले. दंडाला पट्टा बांधताना मी आबांची चौकशी केली.

"बरे आहेत," ती म्हणाली. "दुपारी दोनला सुटते ना मी, मग जाऊन त्यांना गरम भाकरी करून देते."