डावीकडचा ब्रेक

आमच्या सदर बाजारात आक्काताईंबद्दल एक बातमी गेली वीस वर्षं पक्की आहे. त्यांनी नवऱ्याला जोतिबाच्या घाटात गाडीतून उतरवलं आणि तो बिचारा दोन दिवस चालत घरी आला. भाजीवाल्या चिमणाबाई ही बातमी सांगताना हातातली कोथिंबिरीची पेंडी खाली ठेवतात. "उतरिवलं ते उतरिवलं, पान्याची बाटली तरी द्यायची का न्हाई बाईनं?"

खोटं आहे. घाट नव्हता, कावळा नाका होता. तिथून त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर. त्यांचा नवरा, म्हणजे आमचे धोंडीरामकाका, वाटेत चहा पिऊन घरी पोचले तरी आक्काताईंचा पत्ता नव्हता, कारण सिग्नलला त्यांची गाडी तीनदा बंद पडली. शेवटी दार काकांनीच उघडलं. उतरवलं मात्र खरं. त्या तेव्हा नुकत्या गाडी शिकत होत्या आणि काका शेजारी बसून सारखं स्टेअरिंग धरत होते. चौथ्यांदा धरल्यावर आक्काताईंनी गाडी कडेला घेतली. "अवो, एका गाडीला दोन ड्रायव्हर नसत्यात. उतरा."

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचा ड्रायव्हिंग क्लास काढला. पांढरी छोटी गाडी, टपावर बोर्ड, डॅशबोर्डवर बोटाएवढी बुद्धमूर्ती, आणि शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला जादा क्लच आणि ब्रेक. स्टेअरिंगला त्या कधी हात लावत नाहीत. शेवटच्या धड्याला तर त्यांची एक रीत आहे. चप्पल काढायची, पट्टा लावायचा आणि डाव्या सीटवर चक्क मांडी घालायची. हात नाही, पाय नाही, आता गाडी तुझी. 'ताईंनी मांडी घातली' म्हणजे पोरगं तयार झालं, असं आमच्याकडं अजून म्हणतात.

म्हणतात, पण पोरगं कुठाय? एके काळी अठरावा वाढदिवस आला की केक संध्याकाळी आणि क्लास सकाळी सहाला. पोरं आदल्या दिवशीच येऊन गाडीला हात लावून जायची. "ताई, टॉप किती पळती?" आता फोन येतात ते वेगळे. एक खर्जातला: "ऑटोमॅटिक हाय काय? न्हाई? बरं, कळवतो." एक झोपेतला: "सहा म्हंजे... सकाळचे?" आणि एक पोरगी, अगदी कळवळून: "पण काकू, गाडी चालवताना मोबाईल कसा बघायचा?" ही तरी खरं बोलली.

आमच्या कॉलेजात कुठल्याही पोराला विचारा, परदेशातल्या गाडीचं इंजिन केवढं, शंभरचा वेग किती सेकंदात, घडाघडा सांगेल. मोबाईलच्या पडद्यावर तीच गाडी. क्लासला चल म्हटलं की "बघू." मला नावं ठेवायला जागा नाही. मी तोंडानं आवाज काढून पंधरा गाड्या चालवतो, ट्रॅक्टर आणि एसटी धरून. आईनं मागं लागून काढायला लावलेलं माझं लर्निंग लायसन चार महिने पाकिटात तसंच होतं. रिक्षात बसलं की व्हिडिओ बघता येतो, मग कशाला?

धोंडीरामकाका उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून रिटायर झालेले. ते रोज एकच म्हणायचे. "पोरांचा नाद संपला, आक्का. तू कुनाला शिकिवनार? ती डावीकडची पेडलं काढू या. मला जरा पाय सरळ करून पेठ वडगावला तरी जाता यील." त्यांची तक्रार रास्त होती. बायकोच्या गाडीत पुढं बसलं की वीस वर्षं त्यांना गुडघे छातीशी घेऊन बसावं लागलंय.

या जानेवारीत क्लासला तरुण म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं. माझी मावसबहीण निशा. वय तेवीस, नर्स. चंदगडकडच्या एका फिरत्या दवाखान्यात तिला नोकरी लागलेली, पण तिकडं वाड्या डोंगरात आणि एसटी दिवसातून दोनदा, म्हणून गाडी स्वतः चालवता आली पाहिजे ही अट. सोमवारी लायसन दाखवायचं होतं आणि निशा दोनदा नापास झालेली. दोन्ही वेळा चढावर गाडी मागं आली. गंमत म्हणजे आक्काताई शेजारी असताना तीच गाडी, तोच पाय, आणि चढावरून ती एक इंच मागं यायची नाही.

शुक्रवारी तिसरी परीक्षा. काकांनी पाना काढून उंबऱ्यावर ठेवला होता. "ही पोरगी नापास झाली, की त्याच दुपारी पेडलं काढायची. कबूल?"

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. मी त्यांचे सगळे आवाज काढतो. ते 'व्हय' मला अजून जमलेलं नाही.

निशाला एकटीला भीती वाटायची म्हणून मी मागच्या सीटवर जात होतो. बुधवारी संध्याकाळी आक्काताईंच्या दारात मी अख्खा धडा करून दाखवायला घेतला. सेल्फचा कुर्रर. निशाचा नाकातला श्वास. आक्काताईंचं "अर्धा क्लच म्हनलं की अर्धाच की गं, पाऊन न्हवं!" मागच्या एसटीचा भोंगा. मग चढ, इंजिनचं घरघरणं, आणि चिक.

काका हसत होते ते थांबले. तीस वर्षं मशिनीपुढं काढलेला माणूस. "ते चिक कशाचं रं?"

"काय की. चढावर येतं. गाडी मागं जायच्या बेताला आली की चिक. दर वेळी."

काका उठले, गाडीचं डावं दार उघडलं, वाकले आणि जादा ब्रेक हातानं दाबला.

चिक.

आक्काताई शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला.

"म्हणजे?" निशा म्हणाली. "म्हणजे चढावर गाडी मी धरत नव्हते?"

 काकांनी पाना उंबऱ्यावरून उचलला आणि फक्त दोन शब्द बोलले. "कावळा नाका."

"माझं मलाच कळलं न्हाई गं," आक्काताई निशाला म्हणाल्या. "पाय आपसूक जातोय." मग सुपाकडं बघत सांगायला लागल्या. आजवर आलेली पोरं गाडीसाठी वेडी होती, त्यांना आवरावं लागायचं, धरावं कधी लागलं नाही. ही पहिलीच, जिला गाडीचं काडीचं कौतुक नाही. हिला सोडायचा धीर त्यांना होईना. आणि ही गेली की मागं कुणी नाही, तेही होतंच.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा आजार आहे. "आता सवय लागली तुम्हाला आक्काताई. उद्या वाघबीळच्या चढावर चिक वाजणारच. पैज लावा."

"न्हाई वाजनार."

"वाजलं तर?"

"तर परीक्षेची पन वाट बघायची न्हाई. ह्यांनी पाना लावावा, बोर्ड मी उतरिवतो."

"आणि न्हाई वाजलं तर?"

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "तर शनिवारी सकाळी सहाला तू. ड्रायव्हिंग सीटवर. तोंडानं न्हाई, पायानं."

मी हात पुढं केला. सोपी पैज होती. त्यांचा पाय मी सहा आठवडे ऐकत होतो.

गुरुवारी सकाळी सात वाजता शिवाजी पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुकं होतं. केर्ली गाठली. मग आक्काताईंनी सरळ विचारलं, "निशा, खरं सांग. तुला गाडी आवडती काय?"

"न्हाई." निशानं नजर रस्त्यावरून काढली नाही. "इंजेक्शन द्यायला तरी कुठं आवडतंय? देते की."

 आक्काताईंनी गाडी कडेला घ्यायला लावली, चप्पल काढली, पट्टा आवळला आणि डावा पाय वर घेतला, मग उजवा. मांडी. तयार नसलेल्या पोरीसाठी त्यांनी पहिल्यांदाच मांडी घातली होती. मला पैज जिंकायची होती, तरी मी मागचा पट्टा शोधून लावला.

वाघबीळचा चढ सुरू झाला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, टिच्चून भरलेल्या, पाचटाचे शेंडे रस्त्यावर लोळताहेत आणि वर कर्ण्यावर गाणं. तो मुंगीसारखा चढत होता. निशा मागं, आमच्या मागं एसटी. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर कण्हला आणि थांबला.

निशानं ब्रेक मारला. गाडी थांबली, इंजिन बंद पडलं. कर्ण्यावरचं गाणंही तेवढ्यात संपलं आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. उसाची करकर. मागं एसटीचं धडधडणं. निशाचा श्वास.

मग मागची ट्रॉली हातभर खाली सरकली. एक गडी उडी मारून चाकामागं दगड लावायला धावला. उसाचे शेंडे आमच्या बॉनेटवर आले.

"सुरू कर," आक्काताई म्हणाल्या.

निशानं सुरू केली, ब्रेकवरचा पाय काढला, आणि गाडी मागं निघाली. बंद पडली, तरी निघाली. एसटीनं असा भोंगा दिला की मागची काच थरथरली. मी वळून बघितलं तर खिडकीभर नुसती एसटीची जाळी. मी कान लावून बसलो होतो. आत्ता वाजणार. आत्ता. आणि खरं सांगतो, वाजावं असंच वाटत होतं, पैजेसाठी नाही.

"ताई, ब्रेक!" निशा ओरडली. "ताई, ब्रेक दाबा!"

"माझ्याकडं ब्रेक न्हाई. हिकडं बघ."

निशानं क्षणभर बघितलं. आक्काताईंनी दोन्ही हातांनी स्वतःच्या पायांचे अंगठे गच्च धरले होते. नखं पांढरी पडली होती.

निशानं हँडब्रेक ओढला आणि पाय ब्रेकवर आपटला. गाडी थांबली. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काय बोलला ते मी नंतर खूपदा करून दाखवलंय, इथं लिहिता येणार नाही.

ट्रॉलीच्या चाकामागचा दगड निघाला. ट्रॅक्टर धूर सोडत हलला.

"आवाज ऐक," आक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "क्लच सोडत ये. आवाज जड झाला की हँडब्रेक सोड. जड झाल्याशिवाय न्हाई."

निशानं सुरू केली. घर्रर्र. मला ओठांची सवय, ते आपोआप हलायला लागले. "सार्थक, तोंड बंद," आक्काताई मागं न बघता म्हणाल्या.

घर्रर्र. घरर. मग आवाज खाली बसला, गाडीचं नाक जरासं उचललं. निशानं हँडब्रेक सोडला.

गाडी तिथंच उभी राहिली. मागं नाही, पुढं नाही. एसटी गप्प होती. मग गाडी वीतभर पुढं गेली, मग हातभर, आणि उसाच्या शेंड्यांमागून चढायला लागली.

चिक वाजलं नाही.

वाघबीळला पोचल्यावर निशा स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडली, मग हसली, मग मला म्हणाली, "पाणी दे, बघत काय बसलायस?" आक्काताई मात्र जागच्या हलेनात.

"उतरा की," मी म्हणालो.

"कसं उतरू? पाय गेलाय. दुसऱ्या वळनालाच बधिर झालता."

मला आधी समजलं नाही. मग समजलं आणि निशाला द्यायचं पाणी मीच पिऊन टाकलं. म्हणजे ट्रॉली सरकली, गाडी मागं निघाली, निशा ओरडली, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबायचा म्हटलं असतं तरी पाय पोचला नसता.

"मग सांगितलं का न्हाई?"

"कुनाला? तिला?" त्या पिंढरी चोळत म्हणाल्या. "का तुला?"

शुक्रवारी निशा चढावर एकदाही मागं न येता पास झाली. इन्स्पेक्टरनं "पुढं" एवढंच म्हटलं, तिला ते कौतुक वाटलं. रविवारी ती चंदगडला गेली. परवा तिचा फोन आला. वाडीवाडीला गाडी नेते. विचारलं, आता तरी आवडती का? म्हणाली, "न्हाई रे. चालवते की."

काकांनी शुक्रवारीच पाना खिळ्याला अडकवला, पण जाता जाता बायकोला म्हणालेच, "एक पोरगी पास झाली. आता?"

आक्काताईंनी माझ्याकडं बोट केलं.

शनिवारी सकाळी सहाला मी ड्रायव्हिंग सीटवर बसलो. थंडी होती आणि मी आरसा तीनदा सारखा केला. आक्काताई डाव्या सीटवर, पाय खाली, दोन्ही पेडलांवर. काका मागं, सीटवर आडवे पाय पसरून, आयुष्यात पहिल्यांदा या गाडीत सुखात.

"आवाज सगळे येत्यात न्हवं तुला?" आक्काताई म्हणाल्या. "काढ गाडी."

मी सेल्फ मारला, क्लच सोडला. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि थेट चिमणाबाईंच्या हातगाडीकडं निघाली.

चिक.

"आता ह्यावर पैज लावू नगंस," आक्काताई म्हणाल्या. "पयल्या दिवशी वाजतंयच."