शाडूची कवळी

"तोंड उघडा! अहो, तोंड उघडा!" बायको ओरडत होती, आणि माझ्या तोंडात तिच्या भावाने दाबून बसवलेली शाडूची माती होती.

जागा पेण, मेव्हण्याचा गणपतीचा कारखाना. वेळ भर दुपारची. मी फळीवर उताणा.

इथवर कसा पोचलो ते सांगतो. आम्ही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहतो. मी घोरायला लागलो की कुंडलिका नदीपलीकडची कुत्री उत्तर देतात. पोकलेन कुठे चाललाय म्हणून समोरच्या बाईंनी दोनदा खिडकीतून डोकावून पाहिलं, हे शपथेवर सांगतो. चार वेळा पाहिलं असं मी गावभर सांगतो, ते वेगळं.

बायकोला आवाजाची भीती नव्हती. भीती होती मध्येच पडणाऱ्या शांततेची. घोरता घोरता तुमचा श्वास अडतो, म्हणायची, छाती हलत नाही, मग बुडता माणूस वर यावा तसे हबकून श्वास घेता. मी खो खो हसायचो. जेवढी भीती वाटायची तेवढं मोठ्याने हसायचो.

सगळं करून झालं होतं. नाकात तूप, नाकावर पट्ट्या, हनुवटीला पट्टा, बनियनच्या पाठीला शिवलेला टेनिसचा चेंडू. दिवसा मात्र झोप पाठ सोडेना. नागोठण्याच्या एसटी स्टँडवर उभ्या उभ्या डोळा लागला आणि मी एका अनोळखी आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरलो. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, झोपेची तपासणी करून घ्या, बहुतेक मास्कचं मशीन लागेल. माझा काका हॉस्पिटलात असाच मास्क लावून निजला होता, तो घरी आलाच नाही. तपासणीचं नाव काढलं की मी चपला घालून बाहेर सटकायचो. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: जबडा पुढे धरणारी, दातांत बसवायची कवळी. तीही तपासणीनंतरच. मी तपासणी गाळली आणि कवळी तेवढी उचलली.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, मी सोंडेचा साचा काढतो, तुमच्या दातांचा नाय काढणार?"

शाडू मळून त्याने माझ्या वरखालच्या दातांवर थापली, जबडा पुढे ओढला आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाय असं बजावून तो आखणीला बसला. गणपतीचे डोळे आखताना त्या कारखान्यात कोणी शब्द काढत नाही. पंखासुद्धा बंद. बायकोलाही त्याने खुणेनेच गप्प बसवलं. त्या शांततेत, ओल्या मातीच्या वासात मला झोप लागली.

मी नाकाने घोरू लागलो, कारागीर ओठ दाबून हसले. मग घोरणं थांबलं. त्यांना वाटलं, बरं झालं, आता आखणी नीट होईल. ती शांतता एकट्या बायकोने ओळखली.

मला आठवतो तो काळोख. जीभ सापडत नव्हती. ओरडावं तर मातीचा गोळा आणखी आत सरकत होता. छाती भात्यासारखी ओढत होतो आणि आत काहीच येत नव्हतं. मग तिची बोटं आली, दात लागून रक्ताळलेली, आणि माती ओरबाडून बाहेर. माझ्या पहिल्या श्वासाने कारखान्याचे पत्रे हलले असतील. तिच्या ओरडण्याने मेव्हण्याचा ब्रश मात्र खरोखरच घसरला, गणपतीच्या डोळ्यातून पार कानापर्यंत.

बाहेर नळावर मी चुळा भरत होतो. मेव्हणा मागे उभा राहून पुटपुटत होता, दाजी, मला वाटलं झोपलात. मी हसायला गेलो, हसू आलं नाही. बायकोला विचारलं, "हे त्या मातीमुळे झालं ना? घरी एवढं होत नसेल."

ती नखांत अडकलेली शाडू धूत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी रोज होतं. तोंडात माती नसते, एवढंच."