पत्ता फिर्यादीच्याच घरचा

ती सकाळ आठवली की आजही मूठ आवळते. माझ्या पोलीस ठाण्याच्या फाटकाबाहेर जमाव, आत बाकावर मान खाली घालून बसलेला मोबाइल दुरुस्तीवाला तरुण, आणि बाहेर एकच आरडाओरडा: अटक करा, नाहीतर आमच्या ताब्यात द्या.

तुळजापूर तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही. लग्न ठरलेल्या एका मुलीला खोट्या खात्यावरून धमक्या येत होत्या. लग्न मोड, नाहीतर बनावट फोटो सासरी पाठवतो. पोरीनं अन्न सोडलं होतं. तिचा फोन याच दुकानात दुरुस्त झाला होता, तेवढ्यावर गावानं निकाल लावून टाकला. फिर्याद द्यायला वडील आले, सोबत त्यांचा भाचा. जमावात तोच सगळ्यांच्या पुढं.

"साहेब, वाट कसली बघताय? ह्यानंच केलंय!"

धमक्या ज्या जोडणीवरून आल्या तिचा इंटरनेट पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, सायबर शाखेकडून आला. तो गावाला इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्याचा निघाला. त्याला बोलावलं.

"साहेब, ह्या पत्त्यावर निम्मं गाव हाय. जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आलेत, कंपनी आमाला मोजकेच देती. एका नळावर सारी आळी पाणी भरती, तसं."

"म्हणजे हा दुकानदारही त्यातच?"

"व्हय. आन् मीबी त्यातच!"

वरून फोन सुरू झाले. अटक दाखवा आणि जमाव हटवा. मी चिडून फोन आपटला. एकदा आरोपी म्हणून नाव चढलं की पोरगा निर्दोष सुटला तरी गावातून उठणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकूणएक धमकीचा पत्ता मी पुन्हा मागवला. एक सोडून सगळ्या त्याच सामाईक पत्त्यावरून. ती एक मात्र लांबलचक, नव्या पद्धतीच्या पत्त्यावरून.

तो पत्ता बघून केबलवाल्याचा चेहराच उतरला.

"नव्या पद्धतीत घरागणिक पत्ता येगळा असतोय. पण लई थोड्या घरांत चालू केलंय. ही जोडणी लग्नाच्या पाहुण्यांसाठी घेतलेली. मुलीच्याच घरची हाय, साहेब."

वडिलांना एकट्यालाच आत घेतलं.

"ही एक धमकी आली त्या संध्याकाळी घरी कोण होतं?"

"आमी तिघं. आन् भाचा आलता, जेवायला..." बोलता बोलता त्यांनी वळून बाहेर ओरडणाऱ्या भाच्याकडं पाहिलं.

भाच्याचा फोन पंचांसमक्ष जप्त केला. खोटं खातं त्यातच होतं. एरवी तो आपल्या घरून धमक्या द्यायचा, त्या दिवशी मामाचं वायफाय लागलं होतं. आधी त्यानं आवाज चढवला, मग रडायला लागला.

"मामाची पोरगी माझ्या हक्काची व्हती. मला इचारलं का कुनी?"

"अरे, ती माणूस आहे, मामाच्या रानातला हिस्सा नव्हे!" मी ओरडलोच.

मुलीचं लग्न ठरल्या घरी झालं. दुकानदाराला सोडलं तेव्हा जमाव केव्हाच पांगला होता, माफी मागायला एकटे वडील थांबले होते. पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला असं नाही, आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याचंही घर तपासावं, हे मी त्या दिवशी शिकलो. निरपराध पोरगा वाचवला, याचा मला अभिमानही होता.

मागे येडशीला गेलो, तर स्टेशनजवळ तोच पोरगा छोटं दुकान मांडून बसलेला. गाव का सोडलंस, विचारलं. त्यानं चहा मागवला.

"तुमी सोडलंत, साहेब. गावानं कुठं सोडलं? तिथं अजून कुनी बाईमाणूस माझ्या हातात फोन देत न्हाय."