डोंगराचे मार्क देशाला न देणाऱ्या मगदूम मॅडम

डॉ. पद्मजा मगदूम यांना मी प्रथम पाहिलं ते पन्हाळ्यावर, सज्जाकोठीच्या कठड्यापासून बऱ्याच मागे उभ्या असलेल्या. मी तेव्हा कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन गडकोट हिंडायचो. गळ्यात शिट्टी, डोक्याला रुमाल, आणि आपण म्हणजे कोणी थोर गिर्यारोहक अशी माझी पक्की समजूत. सुती साडी आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक बाई मागून खणखणीत आवाजात ओरडल्या, "ओ पावणं, त्या पोरींना मागं घ्या की! फोटोपायी खाली जातील त्या!" पोरींना मागे घेतलं. मग बाईंनी माझीच हजेरी घेतली. दोर कुठाय? कुणाचा पाय मोडला तर कुठल्या वाटेनं उतरवणार? खालच्या दवाखान्यात रविवारी डॉक्टर असतोय का? मला वाटलं, तालुका कचेरीतल्या कोणी साहेब असणार. मी एकदम नरमलो आणि "मॅडम, परवानगीचा अर्ज दिलाय," असं काहीतरी पुटपुटलो. त्या मनापासून हसल्या. "अहो, मी मास्तरीण हाय. साहसी पर्यटन शिकवतो. आन मला उंचीची लई भीती वाटती."

बाईमाणसाच्या तोंडी "शिकवतो" ऐकून बाहेरगावची माणसं दचकतात. आम्हा कोल्हापूरकरांना त्यात काही वाटत नाही. पण साहसी पर्यटनाच्या प्राध्यापकांना कठड्याजवळ जायची भीती वाटते, याचं मला फार नवल वाटलं होतं. पुढे मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं, आणि कळलं की त्यांच्या सगळ्या कामाचं मूळ त्या भीतीत आहे. भिणारा माणूस प्रश्न जास्त विचारतो. मॅडमनी ते आयुष्यभर विचारले, आणि आमच्याकडून उत्तरं मिळेपर्यंत आम्हाला सोडलं नाही.

त्यांचा विषय वाचकांना थोडा सांगायला हवा. साहसी प्रवासासाठी, म्हणजे डोंगर चढायला, नदीत होड्या घालायला, बर्फावर जायला, माणसं कुठल्या देशात जातात, का जातात, आणि या बाबतीत कोणता देश दुसऱ्याच्या किती पुढे आहे, हे मोजायचं कसं, हा तो विषय. पुष्कळांनी सरळ उंच शिखरं, मोठ्या नद्या आणि लांब किनारे यांची बेरीज केली आहे. मॅडमना ते मुळीच पटत नसे. "डोंगर निसर्गानं दिला. त्याचे मार्क देशाला कशाला?" असं त्या वर्गात विचारत. त्या डोंगरापर्यंत वाट आहे का, वाटाड्याला शिकवलंय का, डोंगराखालच्या गावाला त्यातलं काही मिळतं का, जंगल शिल्लक राहतं का, आणि माणूस अडकला तर त्याला आणायला कोण जातं, याचे मार्क द्या, असं त्यांचं म्हणणं. आज हे ऐकायला साधं वाटतं. त्या काळी परिषदांमधून मॅडम हे मांडत, तेव्हा लोक चहाच्या वेळेकडे डोळे लावून बसलेले असत.

मॅडम मूळच्या कुरुंदवाडच्या, शेती असलेल्या जैन घरातल्या. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम, आणि तो त्यांनी डोंगरातही सोडला नाही. आमची सहल कुठेही असो, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचून मॅडमचा डबा उघडला गेलाच पाहिजे. आम्ही पोरं आधी कुरकुरायचो. "मॅडमच्या भाकरीपायी शिखर ऱ्हायलं राव," असं आपसात म्हणायचो. पण या भाकरीपायी आमच्या गटाला अंधारात उतरायची सवयच लागली नाही, हे दुसऱ्या गटांचे हाल पाहिल्यावर ध्यानात आलं. मॅडमनी त्यावर एकदाही व्याख्यान दिलं नाही. डबा उघडायच्या आणि पहिला घास दुसऱ्याच्या हातावर ठेवायच्या.

त्यांच्या मायेचे किस्से सांगायला बसलो तर मॅडमच्या या गौरवग्रंथाची पानं पुरायची नाहीत. माझे वडील वारणानगरला साखर कारखान्यात होते. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी प्रबंध गुंडाळून घरी बसलो होतो. एके दिवशी एसटीतून उतरून, पत्ता विचारत विचारत मॅडम आमच्या कॉलनीत हजर. वडिलांच्या उशाशी बसून त्यांच्याशी कारखान्याच्या गळीत हंगामावर तासभर गप्पा मारल्या. निघताना मला दाराशी घेऊन म्हणाल्या, "खुळ्या, वडलांना तू नापास झालेला बघायचा न्हाय. लिहायला बस." मी बसलो.

आता जे सांगायचं आहे ते त्या प्रबंधाचंच. मॅडमनी पुष्कळ वर्षं खपून देशांचा एक तक्ता तयार केला होता. प्रवासी कंपन्यांच्या एका मंडळानं तो छापायची तयारी दाखवली. प्रकाशनाचा दिवस ठरला, पत्रिका वाटल्या गेल्या. माझा प्रबंधही त्याच तक्त्यावर उभा होता. त्यावर नोकरी पक्की व्हायची होती. घरात आजारी वडील आणि पाळण्यात मुलगी.

मॅडमची एक रीत होती. जगाला लावायची मोजपट्टी आधी घरच्यांना लावायची. देशांना विचारायचे प्रश्न त्या आधी पन्हाळा आणि आसपास फिरणाऱ्या आपल्याकडच्या गटांना विचारत. छपाईच्या गडबडीत सुरक्षिततेच्या प्रश्नांची ही घरची परीक्षा तेवढी राहून गेली होती. मनाला रुखरुख नको म्हणून त्यांनी ती मागाहून उरकली. निकाल लागला, आणि आमचा गट सुरक्षिततेत सगळ्यात शेवटी आला!

माझं डोकंच फिरलं. तडक मॅडमच्या घरी गेलो. त्या शेवयांची खीर ढवळत होत्या. मी दारातूनच सुरू केलं, "मॅडम, आम्ही शेवटी? आम्ही? कुणाचा पाय मुरगळला तरी आम्ही लिहून ठेवतोय, पोरांच्या घरी जाऊन सांगतोय. आन ते दुसरे! त्यांच्यातली पोरगी कड्यावरून घसरली, तर घरी सांगितलं मोटारसायकलवरनं पडली म्हणून! त्यांचा पहिला नंबर? आम्हीबी खोटं बोललो असतो तर आमचाबी आला असता की!"

मॅडमच्या हातातली पळी थांबली.  खीर खाली लागल्याचा वास सुटला, तेव्हा मीच गॅस बंद केला.

"अरे," त्या हळूच म्हणाल्या, "मग देशांचं पण हेच झालं असणार."

झालं होतं तेच. ज्या देशात अपघाताची नोंद होते, चौकशी होते, पेपरात येतं, तो देश आमच्या तक्त्यात धोक्याचा ठरला होता. ज्या देशात माणूस दरीत गेला तरी कुणी विचारत नाही, तो सुरक्षित म्हणून वर बसला होता. कुणीही कागदावर खोटं लिहिलेलं नव्हतं. 'नोंदलेले अपघात किती?' हा आमचा प्रश्नच असा होता की गप्प बसणाऱ्याला मार्क मिळावेत.

प्रकाशन करायचं नाही असं मॅडमनी कळवलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष समजावायला आले. माणूस सज्जन होता. म्हणाले, "मॅडम, एवढ्या मोठ्या तक्त्यात हा एक रकाना. कुणाला कळतंय?" मॅडम म्हणाल्या, "कळणार न्हाय, म्हणूनच भ्या वाटतंय. हा रकाना बघून कुणीतरी आपली पोरगी तिकडं धाडणार. दोर तुटला तर त्या आईबापाला मी काय सांगू? प्रकाशनाच्या पत्रिका वाटल्या होत्या म्हणून सांगू?"

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. हार, समई, सगळं मांडलेलं. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "हा तक्ता चुकलेला आहे. चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थ्यांची नाही. आज प्रकाशन होणार नाही. चहा मात्र घेऊन जा."  मंडळ निघून गेलं ते गेलंच. माझा प्रबंध लांबला, नोकरी लांबली, आणि मी त्यांच्यावर मनातून चिडलो होतो हे आज सांगून टाकतो. वडिलांनी मला डॉक्टर झालेला पाहिलं नाही. त्यांच्या दहाव्याला मॅडम आल्या होत्या. माझ्यापुढे उभ्या राहून नुसत्या रडल्या.

तक्ता पुन्हा नव्यानं झाला. किती अपघात झाले हे विचारणं मॅडमनी सोडून दिलं. झालेला अपघात कुठे लिहिला जातो, तो घरच्यांना वाचायला मिळतो का, त्यांना कोण आणि कधी कळवतं, असे प्रश्न घातले. क्रम उलटापालटा झाला. काही नामांकित देश खाली घसरले आणि त्यामुळे तो तक्ता छापायला कुणी उत्सुक राहिलं नाही. आमच्या विद्यापीठाबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नाही. मोठमोठ्या संस्थांचे चकचकीत अहवाल निघतात, लोक तेच वाचतात. याची मला चीड येते. मॅडमना येत नाही, असं त्या म्हणतात.

गेल्या वर्षी आमच्या ऋतुजानं, त्या पाळण्यातल्या मुलीनं, हिमगिर्यारोहण शिकायला परदेशी जायचा हट्ट धरला. दोन ठिकाणं निघाली. एकाच्या माहितीपत्रात नुसती हसरी तोंडं आणि 'संपूर्ण सुरक्षित' असा शिक्का. दुसऱ्यानं न मागता आपल्याकडे झालेल्या अपघातांची हकिकत पाठवली. त्यात एक मृत्यूही होता. मी या विषयाचा डॉक्टर. पण माझ्या बायकोनं मला विचारलंच नाही. ती उठून मॅडमकडे गेली. मी मागोमाग.

मॅडमनी दोन्ही कागद वाचले. "ह्या दुसऱ्याकडं पाठव."

"अहो पण मॅडम, तिथं माणूस मेलंय!" बायको म्हणाली.

"व्हय. आन त्यांनी ते तुला सांगितलंय."

ऋतुजा गेली, आणि उतारावर घसरली. गळपट्टीचं हाड मोडलं. तिला खाली आणल्या आणल्या तिथल्या प्रशिक्षकांचा फोन आला. काय झालं, कसं झालं, आणि दोर लावायला त्यांच्याच माणसाकडून उशीर झाला, सगळं त्यांनी सरळ सांगितलं. मग पोरीचा आवाज ऐकवला. फोन ठेवून बायको ढसाढसा रडली. मला म्हणाली, "खरं सांगितलं हो त्यांनी. आता मला झोप लागंल." तेवढ्यासाठी मॅडमनी आपली कितीतरी वर्षांची मेहनत भरल्या सभागृहात मागे घेतली होती. ती कशापायी, हे मला माझ्या घरात, बापाच्या जागी उभं राहून कळलं.

मॅडम, आपण पंच्याहत्तरी ओलांडली. गुडघे दुखतात, साखर वाढली आहे, आणि सकाळचं फिरणं आपण चुकवता ही बातमीही आम्हाला पोचली आहे. ते चालणार नाही. ऋतुजाचं हाड जुळलं आहे आणि ती पुढच्या हंगामात पुन्हा निघाली आहे. तिची आई आत्तापासूनच कागद गोळा करते आहे. तिला मी चालत नाही, मोठे अहवाल चालत नाहीत. तिला तुम्हीच लागता. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आपली प्रकृती ठणठणीत राहो, आणि आमच्या घरातून कुणीही उंचावर निघालं की त्याआधी आपलं दार उघडं मिळो.