डावी डिस्क

या सदरातले अनुभव मी अनेक वर्षं वाचते आहे, आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल मला तुच्छता वाटते. सांगणाऱ्याने काहीही तपासलेलं नसतं. दिवा गेला तर फ्यूज बघायचा नाही, आवाज आला तर खिडकी बघायची नाही... सरळ अंगावर काटा. पुण्यात एका दैनिकाच्या न्यूज डेस्कवर मी नऊ वर्षं काम केलं. तिथे असला मजकूर आला असता तर पहिल्या वाक्यालाच कचऱ्यात गेला असता. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. खाली लिहिलं आहे ते घडलं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आम्ही नेदरलँड्समधल्या आल्मेरेत राहतो. मी डिपेन्डंट व्हिसावर आले, आता घरूनच संपादनाची कामं करते. नवरा मंदार सॉफ्टवेअर इंजिनिअर. इथल्या रो-हाउसमध्ये दाराला लागून एक अरुंद कपाट असतं, मीटरकास्ट. विजेचं मीटर, इंटरनेटची केबल आणि घर तापवणाऱ्या गरम पाण्याचे पाइप, सगळं त्याच कपाटात. इथल्या प्रत्येक इंजिनिअरप्रमाणे मंदारनेही आपला होम सर्व्हर, म्हणजे घरच्या फाइली साठवणारा कॉम्प्युटर, तिथेच कोंबला होता. म्हणजे घरातली सर्वांत गरम जागा शोधून तिथे सर्वांत नाजूक वस्तू ठेवली होती.

मग ती तापते म्हणून काळजी. त्यावर उपाय – डॅशबोर्ड. सर्व्हरमध्ये दोन सारख्या डिस्क होत्या, एकीवरचं सगळं दुसरीवरही उतरायचं. त्यांना त्याने नावं दिली होती: डावी आणि उजवी. डिस्कच्या पोटात तापमानाचा सेन्सर असतो. ऑपरेटिंग सिस्टीममधला एक छोटा ड्रायव्हर डिस्कला तिचं तापमान विचारतो, डिस्क आकडा सांगते, तो आकडा स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर दिसतो. डिस्कला वीज नसेल तर उत्तर नाही, आकडाही नाही. हे लक्षात ठेवा.

मागच्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई मिरजेहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. सासरे वर्षभरापूर्वी गेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी फोनवर काही रेकॉर्डिंग्ज करून ठेवली होती. त्यात काही थोर नव्हतं. पाण्याची मोटर कशी लावायची, गॅसची कागदपत्रं कुठे आहेत, वरच्या भाडेकरूशी किती बोलायचं. प्रत्येकाच्या शेवटी, "ऐकतेस ना?" आई रोज जेवण झालं की टॅबलेटवर एक लावायच्या आणि शेवटी "हो" म्हणायच्या. सासऱ्यांचा फोन नंतर पाण्यात पडून गेला. रेकॉर्डिंग्ज राहिली ती फक्त मंदारच्या सर्व्हरवर. बॅकअप आहे का, असं मी विचारलं होतं.

"अगं, दोन डिस्क आहेत ना. एक गेली तरी दुसरी आहे."

इतका शिकलेला माणूस दोन अंडी एकाच टोपलीत ठेवतो आणि त्याला सुरक्षितता म्हणतो.

फेब्रुवारीत उजवी कुरकुरायला लागली. मंदारने सर्व्हर बंद केला, उजवी काढली, नवी डिस्क मागवली आणि राहिलेल्या एकीवर सगळं पुन्हा सुरू केलं. काढलेली डिस्क त्याने जुने चार्जर भरलेल्या पिशवीत टाकली. पिशवी मागच्या शेडमध्ये, सायकलींच्या वर टांगली. जाता येता सुपरमार्केटातल्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकायची होती.

आईंनी विचारलं, "हे काय रे टाकतोयस?"

"डिस्क आहे. यात बाबांचं सगळं होतं, पण आता खराब झालीय. दुसरीत आहे, काळजी करू नकोस."

आता स्क्रीनवर एकच ओळ दिसायला हवी होती. दोन दिसत होत्या. उजवी, चव्वेचाळीस अंश. डावी, सहा अंश.

मंदारच्या मते उजवीचा आकडा जुना होता, ड्रायव्हरने धरून ठेवलेला. आणि डावी तर त्या भट्टीसारख्या कपाटात होती, तिथे सहा अंश कसे? म्हणजे ड्रायव्हर गोंधळला. शनिवारी त्याचा मित्र सुश्रुत आइंडहोवनहून आला. कॉम्प्युटर चिप्सच्या क्षेत्रात असल्यामुळे प्रश्न पूर्ण ऐकून घ्यायची त्याला सवय नाही.

"वहिनी, यात भुताटकी वगैरे काही नाही हो. गार्बेज व्हॅल्यू आहे, निरर्थक आकडा."

"भुताटकी मी म्हटलेलंच नाही. डावीचा आकडा सकाळी उतरतो, दुपारी चढतो. बाहेरच्या हवेसारखा."

"रँडम असू शकतं ना."

"रोज?"

"रँडममध्ये काहीही असू शकतं." आणि त्याने तिसरा बटाटेवडा घेतला.

मराठी मंडळाच्या ग्रुपवरच्या एका बाईंनी सर्व्हरची दृष्ट काढायला सांगितलं. दोन्ही सल्ल्यांची योग्यता मला सारखीच वाटली. संध्याकाळी मंदार आणि सुश्रुत शेडमधली पिशवी घेऊन गेले आणि पेटीत रिकामी करून आले.

नवी डिस्क येण्याआधीच सर्व्हरमधली डिस्क मेली. मंगळवारी जेवणानंतर आईंनी टॅबलेट लावला आणि काहीच वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग टॅबलेट माझ्यापुढे धरला. "बघ गं, माझ्याच हातून काही झालं का?"

मंदार त्या दिवशी घरून काम करत होता. त्याने कपाट उघडलं, डिस्क बाहेर काढून तिच्यावरचा क्रमांक वाचला आणि तसाच जमिनीवर बसला. सर्व्हर त्या अरुंद कपाटात उलटा ठेवलेला होता – केबल लावायला सोपं जावं म्हणून पाठ दाराकडे, तोंड भिंतीकडे. म्हणजे त्याच्या उजव्या हाताला होती ती डावी. चांगली डिस्क काढून त्याने ई-कचऱ्यात टाकली होती, आणि खराब डिस्कवर वडिलांचा आवाज ठेवला होता.

तो सायकल घेऊन सुपरमार्केटला गेला. पेटी रिकामी झाली होती. परत आला तेव्हा थंडीने कान लाल झाले होते. "आईला कसं सांगू?" एवढंच म्हणाला.

मी स्क्रीनकडे बघत होते. उजवीची ओळ आता कोरी होती. म्हणजे मेलेल्या डिस्कचा आकडा हा ड्रायव्हर धरून ठेवत नव्हता. आणि डावी... सकाळी चहा करताना सात होती. आता चौतीस.

"मंदार, हे बघ."

"अगं, प्लीज. त्याला काही अर्थ नाही."

"सात म्हणजे शेड. चौतीस म्हणजे काय?"

"काय?"

"कचऱ्याची पेटी चौतीस अंश नसते. या घरात हीटरसुद्धा आपण वीसवर ठेवतो. चौतीस अंश काय असतं?"

मी जिना चढून आईंच्या खोलीत गेले. त्या गोधडी घेऊन कुशीवर पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

"आई, तुमच्याकडे काही आहे का?"

त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. मग गोधडीतून हात बाहेर काढला. हातात डिस्क होती, पोटाशी धरून गरम झालेली.

"रागावू नकोस. त्याच दिवशी पिशवीतून काढून शेडमधल्या माझ्या बॅगेत ठेवली होती. खराब म्हणे! माणूस खराब झालं म्हणून टाकून देतात का? आज यांचा आवाज बंद झाला, तशी जाऊन वर आणली. अगदी गार पडली होती गं."

मंदार दारात उभा होता. त्याने ती डिस्क दोन्ही हातांनी घेतली.

सर्व्हरला जोडली, चालली. सगळी रेकॉर्डिंग्ज मिळाली. आता त्यांच्या तीन प्रती आहेत, तीन वेगळ्या ठिकाणी. एवढी अक्कल यायला एक म्हातारी आणि एक गोधडी लागली. जुनी डावी निवृत्त केली. जाताना आईंनी ती मागून घेतली आणि पर्समध्ये घालून मिरजेला नेली.

स्क्रीनवरची डावीची ओळ अजून आहे.

मी तपासायचं ते तपासलं. मंदारने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, सर्व्हर बदलला, कपाटही बदललं. सुश्रुतने पुन्हा "गार्बेज" म्हटलं. या वेळी वडे नव्हते, त्यामुळे लवकर गेला. मिरजेत सध्या थंडी आहे. आकडा सकाळी अठराच्या आसपास असतो, दुपारी जेवणानंतर चौतीस-पस्तीसला जातो. काल दुपारी तो वर चढलाच नाही. मंदारने मीटिंग सोडून फोन लावला. पूर्वी तो रविवारी करायचा.

"अरे, शेजारच्या मालूकडे हळदीकुंकवाला आलेय," आई म्हणाल्या. "मग बोलू. जेवलास का तू?"

घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला नाही. करायची गरज नव्हती. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो आणि आकडा चढत होता.

मंदार याला बग म्हणतो. बग काढण्याचाच त्याला पगार मिळतो. हा मात्र त्याने काढलेला नाही, आणि मीही त्याला कधी विचारलेलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कृपया आधी वरचा मजकूर पूर्ण वाचावा.