लाखनीच्या शेडमधलं मानेकडचं कातडं

"आजी, एकदा येऊन पाहून तर जाय," असं नातीनं फोनवर म्हटलं आणि मी त्याच दिवशी पिशवी भरली. नात म्हणजे माझ्या लेकीची प्रज्ञा. चेन्नईला जाऊन चामड्याचं शिकून आली. आता लाखनीला हायवेच्या बाजूला टिनाचं शेड घेऊन कातडं कमावते, म्हणजे ते सडू नये, चपलेच्या कामी यावं असं करते.

सोबतीला कौशल्या. कोंढ्यात तीस वर्षांपासूनची माझी शेजारीण. मी दुसरीपर्यंतच शिकलेली, मोबाईलवर एका बोटानं हे लिहिते, आणि कौशल्या दर शनिवारी बचत गटाच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवते. तिच्या तोंडून ऐकलं की मलाच वाटतं, वा, कोणी लिहिलं हे.

कोंढ्याहून पहिली एसटी पकडा. नंतरच्या गाडीत शाळेची पोरं असतात, बसायला मिळत नाही. भंडाऱ्याला उतरून साकोलीची गाडी. बायकांना अर्धं तिकीट. भंडाऱ्याच्या स्टँडबाहेर आलुबोंडा खाल्ला, वरून तर्री मागून घेतली.

"तू नात पाहाले चालली का आलुबोंडे खाले?" कौशल्या म्हणाली.

"दोन्ही," मी म्हटलं.

लाखनीला मी गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास एका लग्नाला गेले होते. नवरदेवाचा घोडा ट्रकच्या भोंग्याला भिऊन धानाच्या बांधीत शिरला होता, पण ते जाऊ द्या. आता तिथं डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे. स्टँडवरून ऑटोच करा, कडेनं चालायला ट्रकवाले जागा ठेवत नाहीत.

प्रज्ञानं टाकीचं झाकण उघडलं. आत म्हशीचं कातडं, पाणी कोऱ्या चहासारखं. पूर्वी याला सगळी बाभळीची सालच लागायची, झाडं सोलून निघायची. ही अर्धीच साल घालते आणि बाकीची भुकटी. कागदासाठी लाकडाचा लगदा शिजवला की मागं काळं पाणी उरतं, ते आटवून ही भुकटी होते. चिमूटभर नाकाशी नेली तर करपलेल्या गुळाचा वास. उरलेल्या पाण्यातून माझी नात चामडं करते, याचा मला इतका आनंद झाला की टाकीलाच हात जोडले.

तिनं पोटाकडची पट्टी कापून दाखवली. कड आतपर्यंत तपकिरी.

"झालं हे. आज काढून वाळवते," प्रज्ञा म्हणाली. "दोन दिवसांनी चपलवाला पाहाले येते. त्याले पटलं तर शेड राहते, नाही तर महिन्याच्या शेवटी बंद." मग कौशल्याकडे वळून, "आमच्या घरात चामड्याले हात लावणारी मीच पहिली."

माझा अंगठा तोवर मानेकडे गेला होता. दाबला तसं कातडं रबरासारखं परत वर आलं. आत कच्चं होतं. पोटाकडे कातडं पातळ, तिथं लवकर मुरतं. मान जाड. भुकटीनं वरून रंग भरभर चढवला होता, एवढंच. कॉलेजात मशीननं सारखी केलेली कातडी मिळतात, तिला मान कुठून कळणार.

मला कळत होतं. माझा बाबा हेच करायचा. कातड्याची पिशवी शिवून नाल्याकाठी झाडाला टांगायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं. खाली गळलेलं पाणी लोट्यानं परत वर ओतायचं काम माझं. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला, वस्तीनं हे काम सोडलं, आणि बरंच केलं. बाबानं मात्र लपून चालू ठेवलं. हातातलं कसब त्याच्यानं सुटेना. दुसरीत गुरुजींनी विचारलं, बाप काय करतो. तपकिरी हात मागं लपवून मी म्हटलं, शेती.

कौशल्यानं नाकाला पदर लावला होता. "काय दाबून पाहून राहिली वो? तुले समजते का त्यातलं?"

"मले काय समजते," मी म्हटलं. "आमच्या घरी तर शेती होती."

प्रज्ञानं हसत कातडं बाहेर ओढलं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, हिरवेगार धान दोन्ही बाजूला, आणि मी तपकिरी झालेला अंगठा पदरात धरून बसलेली.

तिसऱ्या दिवशी फोन. "आजी, चपलवाल्यानं मानेकडे वाकवलं अन् ते पापडावानी तडकलं. भुकटीच खराब हाय म्हणे. फेकून देते आता सारी."

"नको फेकू. भुकटी चांगली हाय," मी म्हटलं. "मानेकडे कापून पाहा लागते. मधात पांढरी रेघ दिसली तं कच्चं. माझा बाबा तसंच करे."

 ती म्हणाली, "तू तर अंगठा लावला होता न. काहून नाही सांगितलं?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि अंगठा पदराला पुसला.

"दुसरं कातडं टाकीत हाय," ती म्हणाली. "सोमवारी ये. या वेळी बोल."

अंगठ्याचा डाग धुऊन गेला. लहानपणी तो महिनामहिना जात नसे, आणि मी राखेनं घासत बसायचे. बाबा समोरच बसलेला असायचा, पाहत.

कौशल्या, शनिवारी हेही वाच. "शेती होती" इथं थांबू नकोस, गटातल्या बायकांना पुढचंही ऐकव. शेती नव्हती. माझ्या बाबाचं नाव डोमाजी. मान कापून पाहिल्याशिवाय त्यानं एकही कातडं झाडावरून उतरवलं नाही.